नवख्याचा पहिला प्रश्न: मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवी गटाने तो कसा हाताळावा

“नमस्कार सर, अर्जंट आहे. मराठी अक्षरं बिघडली. प्लीज हेल्प.” सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, काय बिघडलं, काही नाही.

लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मुक्त सॉफ्टवेअर) आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम) वापरणाऱ्यांना मराठीतून मदत करणाऱ्या एका छोट्या गटात मी गेली काही वर्षं काम करतो. आम्ही सगळे नोकरीधंदा सांभाळून हे करतो. कोणी रात्री जेवणं आटोपल्यावर उत्तरं लिहितं, कोणी लोकलमध्ये खिडकी मिळाली की. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, त्या सुमारास जुने लॅपटॉप घेऊन लिनक्सकडे वळलेली बरीच माणसं आमच्याकडे आली: शिक्षक, डीटीपी करणारे, बारावीची मुलं, निवृत्त कारकून. यातलं कोण टिकतं आणि कोण महिन्याभरात परत जातं, हे सॉफ्टवेअरच्या गुणांपेक्षा पहिल्या प्रश्नाचं काय झालं यावर ठरतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. उत्तर चुकलं तरी माणूस थांबतो. उत्तरच आलं नाही, किंवा आलं ते टोमण्यासारखं आलं, की तो जातो आणि जाताना सांगतही नाही.

आमच्या गटात जी पद्धत हळूहळू बसली, ती इथे मांडतो आहे. तुमचा गट वेगळ्या सॉफ्टवेअरचा असेल तर उदाहरणं बदला. क्रम बहुतेक तोच राहील.

एकच दार ठेवा

प्रश्न सगळीकडून येतात. टेलिग्रामच्या गटात, कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर, ईमेलने, शेजाऱ्याच्या भाच्यामार्फत फोनवर. त्यामुळे एकाच प्रश्नाला दोघे जण दोन ठिकाणी उत्तर देत बसतात आणि तिसरा प्रश्न कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रश्नांची जागा एकच ठरवा आणि बाकी सगळीकडून माणसाला प्रेमाने तिथे आणा.

खासगी निरोपाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचा मोह होतो, कारण ते पटकन होतं. पण ते उत्तर एकाच माणसाला मिळतं आणि आपण चुकलो तर दुरुस्त करणारं तिथे कोणी नसतं. शिवाय पुढचे सगळे प्रश्न आपल्याच फोनवर येऊ लागतात. आम्ही असं लिहितो:

“तुमचा प्रश्न वाचला. तो गटात टाकाल का? तिथे माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत, आणि मी दोन दिवस नसलो तरी तुमचं काम अडणार नाही. चारचौघांत लिहायला संकोच वाटत असेल तर सांगा, तुमचं नाव न घालता मी टाकतो.”

शेवटचं वाक्य वगळू नका. वीस वर्षं शिकवलेल्या मुख्याध्यापकांना “फाइल सेव्ह कुठे झाली” हे सगळ्यांसमोर विचारायला जड जातं. अनोळखी पुरुषांनी भरलेल्या गटात लिहायचं की नाही, हा विचार अनेक मुली करतात. त्यांच्या वतीने प्रश्न टाकणं हे आपलं कामच आहे.

याला अपवाद मोजके. पासवर्ड, कुणाची खासगी कागदपत्रं किंवा गटातल्याच कुणाच्या वागण्याची तक्रार असेल तर बोलणं खासगीतच व्हावं.

गप्पांच्या गटात प्रश्न वाहून जातात, म्हणून सोबत एक सामायिक तक्ता ठेवा. तारीख, विचारणाऱ्याचं नाव, एका ओळीत प्रश्न, कोणी घेतला, आणि स्थिती. स्थितीसाठी चारच शब्द: नवा, माहिती हवी, कामात, सुटला. आम्ही एकदा नऊ स्थिती केल्या होत्या. कोणी भरल्याच नाहीत.

पहिलं उत्तर चोवीस तासांत, मग तोडगा असो वा नसो

पहिल्या उत्तरात तोडगा असलाच पाहिजे असं नाही. प्रश्न वाचला गेलाय, कोण बघतंय आणि पुढे काय हवंय, एवढं त्यात असलं की पुरे. “मी हे आज रात्री माझ्या मशीनवर करून बघते. तोवर एक सांगाल का, ही फाइल आधी विंडोजवर तयार केली होती का?” असं उत्तर मिळालेला माणूस दोन दिवस शांतपणे वाट बघतो.

भाषेची काही पथ्यं आम्ही पाळतो. समोरचा कितीही लहान वाटला तरी “तुम्ही” म्हणायचं. “आधी शोधून बघा” असं म्हणायचं नाही, कारण नवख्याला शोधायचे शब्दच माहीत नसतात. ज्याला जोडाक्षर “फुटलेलं” दिसतंय तो “शेपिंग” किंवा “रेंडरिंग” हा शब्द कुठून आणणार? आणि “फक्त” व “सोपं आहे” हे दोन शब्द उत्तरातून काढून टाकायचे. “सोपं आहे, फक्त टर्मिनल उघडा आणि ही ओळ टाका.” (टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकून द्यायची खिडकी.) लिहिणारा धीर द्यायला लिहितो, पण तासभर अडकलेल्या माणसाला त्यातून एकच ऐकू येतं: इतकं सोपं असूनही मला जमलं नाही.

काही जण नुसतं “नमस्कार” लिहून उत्तराची वाट बघतात. त्यांना शिष्टाचार शिकवत बसू नका. “नमस्कार! प्रश्न थेट लिहा, ज्याला माहीत असेल तो उत्तर देईल” एवढं पुरतं.

माहिती मागा, पण एकेक करून

दहा मुद्द्यांची प्रश्नावली पाठवली की बहुतेक माणसं परत येत नाहीत. मी आधी तीन गोष्टी विचारतो: तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय? “चालत नाही” हे उत्तर पुरेसं नसतं. उघडत नाही, उघडून बंद होतं, उघडतं पण मराठी दिसत नाही, प्रिंटला येत नाही, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत.

मग आवृत्ती. “आवृत्ती कोणती?” असं विचारलं तर “लेटेस्ट” असं उत्तर येतं, म्हणून कुठे बघायचं तेच सांगा. लिबरऑफिसमध्ये हेल्प मेन्यूत अबाउट उघडलं की आवृत्तीच्या माहितीशेजारी ती कॉपी करायचं बटण असतं. ते दाबून इथे पेस्ट करा, असं सांगितलं की आवृत्तीसोबत ऑपरेटिंग सिस्टीमही कळते. उबुंटू या लिनक्सची आवृत्ती सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये मिळते. दीर्घ आधाराच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना पाच वर्षं नियमित आधार असतो, त्यामुळे आवृत्तीच्या आकड्यातलं वर्ष पाहूनही पुष्कळ अंदाज येतो.

फोटोऐवजी स्क्रीनशॉट मागा, पण कीबोर्डवरचं कुठलं बटण दाबायचं तेही सांगा. त्याहून चांगलं म्हणजे त्रास देणारी छोटी फाइल. पन्नास पानांचं पुस्तक नको, ज्यात बिघाड दिसतो अशी दोन ओळींची नवी फाइल हवी. ती करता करता निम्म्या वेळा माणसाला स्वतःलाच कारण सापडतं.

जे विचारलंय त्यामागचं शोधा

माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, म्हणून जरा थांबून सांगतो.

एका छोट्या छापखान्याच्या मालकांनी विचारलं, “नव्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नीट इन्स्टॉल होत नाही, कसा करायचा?” आमच्यातल्या तिघांनी फॉन्ट बसवायचे तीन मार्ग सांगितले. काकांनी तिन्ही करून पाहिले. चार दिवस गेले. त्यांच्या निरोपांतला सूर बदलत चालला होता आणि आम्हीही मनातल्या मनात त्यांना दोष द्यायला लागलो होतो. मग गटातल्या एका ताईंनी विचारलं, “काका, फॉन्ट नीट बसला नाही हे तुम्हाला कशावरून कळलं?”

उत्तर आलं, “पत्रिकेत ल आणि श हिंदी येतायत.”

फॉन्ट पहिल्याच दिवशी नीट बसला होता. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ती ठरवूनही दिली आहेत. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन्ही भाषांना अक्षराचा क्रमांक एकच असतो. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि कुठलं दाखवायचं हे मजकुराला कोणती भाषा लावली आहे यावर ठरतं. काकांच्या मशीनवर मजकुराची भाषा हिंदी लागलेली होती. खिडकीच्या तळाच्या पट्टीत “हिंदी” असं ती चार दिवस दिसतही होती. टूल्समधल्या लँग्वेज मेन्यूतून सगळ्या मजकुराला मराठी लावली आणि ल, श जागच्या जागी वळले. पुढच्या फाइलींसाठी ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा मराठी करून ठेवली. दोन मिनिटांचं काम होतं.

काकांनी त्यांना दिसलेला त्रास सांगितलाच नव्हता. त्यांनी स्वतः काढलेल्या निदानावरचा उपाय विचारला होता, आणि आम्ही ते निदान न तपासता उपाय देत सुटलो. चूक आमची होती. तेव्हापासून “हे तुम्हाला कशावरून कळलं?” हा आमचा ठरलेला प्रश्न आहे. कोणी एखादी कृती कशी करायची असं विचारलं, की ती कशासाठी करायची आहे हेही विचारतो. हे चौकशीच्या सुरात नको, डॉक्टर “कधीपासून दुखतंय?” विचारतात तसं.

प्रश्नांचे ढीग करा

माहिती हातात आली की प्रश्न चारपैकी एका ढिगात जातो.

पहिला ढीग “कसं करायचं” या प्रश्नांचा, आणि तो सगळ्यात मोठा. मराठीत एक नेहमीचा प्रश्न म्हणजे “स्टाइलमध्ये फॉन्टचा आकार बदलला तरी मराठी मजकूर तेवढाच राहतो.” लिबरऑफिसच्या स्टाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि आकार वेगळा, मराठीचा वेगळा, तो कॉम्प्लेक्स टेक्स्टच्या रकान्यात. एकदा दाखवलं की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

दुसरा ढीग त्याच्या मशीनवरच्या बिघाडाचा. इथे सेफ मोड, म्हणजे स्वतःच्या सेटिंग आणि जोडण्या बाजूला ठेवून सुरू करायची सोय, फार कामाचा. हेल्प मेन्यूतून लिबरऑफिस सेफ मोडमध्ये सुरू करायला सांगा. तिथे सगळं ठीक चाललं तर दोष बहुतेक जुन्या सेटिंगचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे वरून बसवलेल्या जोडणीचा.

तिसरा ढीग आपल्या हाताबाहेरचा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली जुनी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो, कारण तो मजकूर मुळात युनिकोड नाही. हा सॉफ्टवेअरचा बग, म्हणजे त्यातला दोष, नव्हे, तिथे रूपांतराचं साधन लागेल. प्रिंटरच्या ड्रायव्हरचंही तसंच. “हे आमचं नाही” म्हणून दार लावू नका, कुठे विचारायचं ते सांगून मग तक्त्यात “सुटला” लिहा.

चौथा ढीग खऱ्या बगचा. हा सगळ्यात लहान असतो, पण सगळ्यात जास्त काळजी यालाच लागते.

बग वर पाठवताना

आपण मूळ प्रकल्पात, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे, प्रश्न ढकलतो तेव्हा तिथेही आपल्यासारखेच थकलेले स्वयंसेवक असतात. म्हणून आधी दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर तोच बिघाड होतोय का बघा, शक्य असेल तर सगळ्यात नव्या आवृत्तीवर. लिबरऑफिसच्या बगझिलामध्ये, म्हणजे दोष नोंदवायच्या संकेतस्थळावर, नवी नोंद “अनकन्फर्म्ड” म्हणून लागते. कुणीतरी तो बिघाड स्वतः घडवून पाहिला की ती “न्यू” होते, आणि माहिती अपुरी असली तर “नीडइन्फो”मध्ये जाऊन पडते. मराठीच्या नोंदी तिथे अडकतात, कारण पडताळणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही. “जोडाक्षर चुकीचं दिसतंय” एवढं लिहून त्याला काय कळणार? बरोबर दिसणारं आणि चुकीचं दिसणारं अशी दोन चित्रं शेजारी लावा, चुकलेल्या अक्षराभोवती वर्तुळ काढा, आणि कुठल्या कळा कुठल्या क्रमाने दाबल्या ते लिहा. “वाऱ्यावर”मधला ऱ्या लिहायचे एकाहून अधिक मार्ग आहेत, आणि कुठल्या मार्गाने तो लिहिला यावर दोष दिसेल की नाही हे ठरू शकतं.

आणखी एक. नमुना फाइल जाहीर ठिकाणी जाणार असते. तीत मुलांचे गुण, पत्ते, आधार क्रमांक असतील तर काढून टाका. नवख्याला हे सुचत नाही, आपल्याला सुचलं पाहिजे.

विचारणाऱ्याला इंग्रजी जमत नसेल तर नोंद आपण करावी, पण दुवा त्याला द्यावा आणि काही हालचाल झाली की मराठीत कळवावं. स्वतः दाखवलेला दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालेला पाहणं यासारखं बळ दुसरं नाही.

दिलेलं उत्तर साठवा

तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की उत्तर साठवायची वेळ झाली. आम्ही एका सामायिक फाइलमध्ये ठेवतो. शीर्षक मात्र विचारणाऱ्याच्या शब्दांत: “ल आणि श हिंदी दिसतात”, “मराठीचा आकार बदलत नाही”, “जुनी श्रीलिपी फाइल उघडली की खिचडा दिसतो”. खाली पायऱ्या, आणि शेवटी कुठल्या आवृत्तीवर कधी तपासलं ते. तारीख नसलेलं उत्तर दोन वर्षांनी लोकांना चुकीच्या मेन्यूत फिरवतं.

साठवलेलं उत्तर जसंच्या तसं चिकटवू नका. वर एक ओळ त्या माणसासाठी लिहा. आणि जे स्वतःच्या मशीनवर करून पाहिलेलं नाही ते देऊ नका. हल्ली चॅटबॉटकडून आणलेली उत्तरं गटात टाकली जातात. दिसायला ती नीटनेटकी असतात, पण त्यांतला मेन्यू कधी कधी अस्तित्वातच नसतो, आणि नवखा तासभर तो शोधत बसतो. टर्मिनलची कुठलीही ओळ देताना ती काय करते आणि परत कसं फिरायचं हे सोबत लिहिलंच पाहिजे.

सुरक्षेचा एक निरोप गटात कायम वर दिसेल असा ठेवा: आमच्यापैकी कोणीही ओटीपी, पासवर्ड किंवा पैसे मागणार नाही, आणि दुरून स्क्रीन ताब्यात घेऊन दुरुस्ती करून देणार नाही. मदत मागायला आलेला माणूस गोंधळलेला असतो, आणि फसवणारे अशाच माणसावर टपलेले असतात.

माणूस परत आला नाही, किंवा रागावून आला

“माहिती हवी” या स्थितीत प्रश्न आठवडाभर पडला तर एकदा आठवण करा. आणखी आठवड्याने “सध्या बंद करतोय, कधीही परत या, इथूनच पुढे सुरू करू” असं लिहून बंद करा. उघडे प्रश्न साठत गेले की मदत करणाऱ्यांच्याच मनावर ओझं होतं.

रागावलेल्या माणसाच्या पहिल्या निरोपाला सूट द्या. उद्या सकाळी प्रश्नपत्रिका छापायची असलेल्या शिक्षिकेचा आवाज चढणारच. दुसऱ्यांदा तसं झालं तर उत्तर देणारा बदला. तिसऱ्यांदा शिवीगाळ झाली तर गटाचे नियम दाखवून थांबवा, आणि हे काम ज्याला शिव्या खाव्या लागल्या त्याच्यावर टाकू नका. आपल्यातलंच कुणी नवख्याला लागेल असं बोललं तर त्यालाही तोच नियम. तो कितीही जाणकार असला तरी.

पाळ्या लावा

एकच माणूस सगळी उत्तरं देतो असा गट वरवर छान चाललेला दिसतो. तो माणूस आजारी पडेपर्यंत.

एक्सझेड हे फाइल लहान करण्याचं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याची देखभाल वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस करत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्याला जाहीरपणे टोचू लागली: काम रखडलंय, दुसऱ्या कुणाला तरी बदल करायचे हक्क द्या. त्याने आपल्या मानसिक आरोग्याच्या त्रासाबद्दल सांगितलं, तरी टोचणी थांबली नाही. पुढे ज्या टोपणनावाच्या माणसाला हक्क मिळाले, त्यानेच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीला आणला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा शोध घेता घेता तो तिथवर पोचला होता. आमचा गट त्यापुढे अगदी लहान. पण एकट्या थकलेल्या माणसावर सगळं सोडलं की काय होतं, हे मी त्यातून मनावर घेतलं.

आमच्याकडे आठवड्याला दोघांची पाळी असते, एक जुना आणि एक नवा. पाळीवर असणाऱ्याने सगळं सोडवायचं नसतं. कुठलाही प्रश्न उत्तराविना राहत नाही एवढंच बघायचं. पाळी नसलेल्याने फोनवर येणाऱ्या गटाच्या सूचना बंद ठेवाव्यात, आणि त्याबद्दल कोणी काही बोलू नये. परीक्षा, बाळंतपण, गावची जत्रा, काहीही असो, “या महिन्यात नाही” एवढं सांगणं पुरेसं असावं.

पाळीतला नवा माणूस येतो तो विचारणाऱ्यांमधूनच. ज्याचे दोन-तीन प्रश्न सुटले आहेत त्याला सगळ्यांदेखत आवाहन करू नका, नाव घेऊन एक नेमकं काम द्या: “काका, आज एकाने ल-श चा प्रश्न विचारलाय. तुमच्याकडे हेच झालं होतं. तुम्ही सांगाल का? मी सोबत आहे.” काकांनी सांगितलं, आणि आमच्यापेक्षा नीट सांगितलं, कारण कुठे अडतं हे त्यांना ठाऊक होतं. कुणाला लिहिण्यापेक्षा भाषांतर आवडतं, त्यांना वेब्लेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर लिबरऑफिसच्या मेन्यूंचं मराठी तपासायला द्या.

पाळी रविवारी रात्री बदलते. पाळी सोडणारा चार ओळी लिहून ठेवतो. परवाच्या अशा होत्या:

“नवे पाच, सुटले तीन. जळगावच्या मॅडमकडून नमुना फाइल यायची आहे, बुधवारी एकदा आठवण करा. प्रिंटरवाल्या दादांना ड्रायव्हरचा दुवा दिलाय, त्यांचा फोन साधा आहे, मोठी फाइल पाठवू नका. बारावीच्या मुलीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्डचा प्रश्न काकांनी घेतलाय.”